बारा वर्षांच्या मुलीचा टी-शर्ट आणि बावीस वर्षांच्या मुलीचं चित्र

उभा_धागा:
कपड्यांच्या जाहिरातींचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत 'संस्कृती की स्वातंत्र्य' या रुळावर जाते आणि तिथेच अडकते. हा धागा वेगळ्या प्रश्नासाठी काढतेय. दहा ते अठरा वयाच्या मुलामुलींना कपडे विकताना लैंगिक सूचकतेचं चित्र का वापरलं जातं, ते कुठल्या टप्प्यावर तयार होतं आणि कुठल्या टप्प्यावर अडवता येतं?

एक उदाहरण देते. १९८० मध्ये कॅल्विन क्लाइनने जीन्सच्या टीव्ही जाहिराती केल्या. चित्रण रिचर्ड अ‍ॅव्हेडनचं, मॉडेल ब्रुक शील्ड्स, वय १५. अंगावर नेहमीचेच कपडे होते, कापड कुठे कमी नव्हतं. सगळी सूचकता संवादात होती आणि ते संवाद पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी घातले होते. न्यूयॉर्कमधल्या काही वाहिन्यांनी त्या दाखवायला नकार दिला. जीन्स मात्र धडाक्याने खपल्या.

म्हणून 'अंग किती दिसतं' हे माप मला चुकीचं वाटतं. चित्रातली व्यक्ती किती वयाची वाटते आणि ते चित्र शेवटी कुणासमोर जातं, हे बघायला हवं. जाणकारांनी आपापल्या कामातलं नेमकं सांगावं ही विनंती.

न्यूजर्सीकर:
'कुणासमोर जातं' हा मुद्दा अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीच्या रचनेत लख्ख दिसतो. माइक जेफ्रीज १९९२ ते २०१४ प्रमुख होते, त्या काळात कंपनीने वयाची एक शिडीच उभी केली. अ‍ॅबरक्रॉम्बी किड्स ७ ते १४ वयासाठी, २००० मध्ये निघालेलं हॉलिस्टर शाळकरी टीनेजरांसाठी, आणि मूळ दुकान १८ ते २२ च्या कॉलेजवाल्यांसाठी. तिन्ही दुकानं बऱ्याचदा एकाच मॉलमध्ये.

आता गंमत बघा. चित्रं सगळ्यात वरच्या पायरीसाठी काढायची. ब्रूस वेबरने काढलेले उघड्या छातीच्या मुलांचे फोटो कागदी पिशवीवर छापलेले असत. पिशवी मॉलभर फिरते, बसमध्ये जाते, शाळेत डबा न्यायला वापरली जाते. अठरा वर्षांखालच्यांना विकायचा नाही असा नियम असलेला त्यांचा 'क्वार्टर्ली' कॅटलॉग १९९७ पासून निघत होता आणि २००३ च्या नाताळ अंकावरून गदारोळ झाल्यावर बंद झाला. कॅटलॉगला ओळखपत्र लागायचं, पिशवीला कुणी विचारत नव्हतं.

खालची पायरी नेहमी वर बघते. बारा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांचं दिसायचं नसतं, सोळाचं दिसायचं असतं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून 'आमची जाहिरात प्रौढांसाठी आहे' हे उत्तर कागदावर खरं असलं, तरी दुकानात ते टिकत नाही.

पेठकर:
हे सगळं अमेरिकेतलं. आपल्याकडे टीनेजरांच्या कपड्यांच्या जाहिराती तुलनेने सोज्वळ असतात. आपला प्रश्न बनियन-चड्डीच्या जाहिरातींचा, ज्या क्रिकेटच्या मॅचमध्ये घरातली सगळी मंडळी एकत्र बसून बघतात. आणि खरं सांगायचं तर मुलांच्या हातात फोन आल्यावर पिशवीवरच्या चित्राची काय मातब्बरी? मला हा धागा थोडा उशिरा काढल्यासारखा वाटतो.

उभा_धागा:
पेठकरकाका, बनियन-चड्डीचा मुद्दा मान्य. पण तिथेही कापडाचं माप चालत नाही. २००७ मध्ये ज्या अमूल माचोच्या जाहिरातीवर माहिती-प्रसारण मंत्रालयाने बंदी आणली, त्यात घाटावर कपडे धुणारी नवविवाहिता पूर्ण कपड्यांत आहे. आक्षेप हावभावांना आणि शब्दांना होता. फोनचं म्हणाल, तर फोनवरच्या जाहिरातीसुद्धा कुणीतरी माणूसच मंजूर करतो. त्या माणसापर्यंतच पोचायचंय.

तिरपी_शिलाई:
कापडाच्या बाजूने लिहिते. सगळे चित्रावर बोलताहेत, पण पुष्कळदा गडबड आधी कपड्यात होते आणि चित्र तिच्या मागून येतं.

मोठ्यांच्या विभागात एखादा माल चालला की तोच लहानांसाठी 'उतरवायचा' हा सगळ्यात स्वस्त मार्ग. डिझाइन तयार, ट्रिम्स (बटणं, चेन, लेस) तयार, कापड आधीच बुक. टेक पॅक (कारखान्याला दिला जाणारा कपड्याचा तपशीलवार कागद) तसाच ठेवून फक्त मापं बदलायची. पण मोठ्यांचा टेक पॅक शरीराच्या ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्या दहा वर्षांच्या मुलीत नसतात. छातीचे डार्ट (फिटिंगसाठी शिवलेल्या चुण्या), साचातले पॅड, कमरेचा खोल कट, खाली आणलेली वेस्टबँड. कारखान्यात ग्रेडिंग करणारा मापं काटेकोर कमी करतो, पण पॅड काढायचा निर्णय त्याच्या हातात नसतो. तो शीटमध्ये असेल तर शिवला जाणार.

२०११ मध्ये अ‍ॅबरक्रॉम्बी किड्सने पॅड असलेला बिकिनी टॉप विकायला काढला तो असाच प्रकार. ओरड झाल्यावर नावातला शब्द बदलला आणि तो १२ वर्षांपुढच्यांसाठी योग्य असल्याचं सांगितलं. त्याआधी २००२ मध्ये त्याच दुकानात मुलींच्या मापाच्या थाँग आल्या होत्या, त्यांवर छापलेल्या शब्दांमुळे जास्त संताप झाला. एकदा असा माल बनला की फोटोग्राफर कितीही सरळमार्गी असो, त्याला वाईट आणि कमी वाईट यांतूनच निवडावं लागतं.

उपाय साधा आहे. लहानांच्या टेक पॅकमध्ये 'वगळायचे भाग' असा वेगळा रकाना हवा: पॅड नाही, अंडरवायर नाही, पाठीवर छपाई नाही (बसल्यावर मजकूर नेमका कमरेखाली येतो), आणि छातीवरचा मजकूर मर्चंडायझरने मोठ्याने वाचून मंजूर करायचा. हे शेवटचं विनोदी वाटेल. पण इंग्रजी शब्दांचे दुहेरी अर्थ नमुना मंजूर करणाऱ्याला ठाऊकच नसतात, म्हणून कितीतरी छपाई निसटते. हजार नग छापून झाल्यावर अर्थ कळला तर माल सेलमध्ये जातो, परत कारखान्यात येत नाही.

शाळेची_घंटा:
तिरपी_शिलाई ताई, छातीवरच्या मजकुराबद्दल शंभर टक्के अनुमोदन. आठवडी बाजारातल्या पन्नास-शंभर रुपयांच्या टी-शर्टवर जे छापलेलं असतं ते ना घालणाऱ्या मुलाला कळतं ना घेऊन देणाऱ्या आईला.

कॅमेऱ्यामागे:
मूळ प्रश्न 'चित्र कसं बनतं' हा आहे, तर सेटवरचं सांगतो.

संकेतस्थळासाठी एका कपड्याचे साधारण पाच फोटो लागतात: समोरून, मागून, बाजूने, जवळून कापडाचा पोत, आणि एक 'मूडचा'. पहिल्या चारांत फारसं काही चुकत नाही. पाचवा घात करतो. त्यासाठी ब्रीफमध्ये, म्हणजे ब्रँडने दिलेल्या सूचनांत, एक शब्द असतो, 'अ‍ॅटिट्यूड'. मग स्टायलिस्ट आणि फोटोग्राफर मोठ्यांच्या मासिकांतले संदर्भ चिकटवून मूडबोर्ड करतात आणि समोरच्या मुलाकडून तीच देहबोली मागतात. कुणी मुद्दाम वाईट वागत नसतं, सगळे नक्कल करत असतात.

मुलांच्या शूटमध्ये पाळायच्या गोष्टी:

कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्याने शूट करू नका, छोट्या स्टुलावर बसा. वरून घेतलं तर मूल वर बघतं आणि फोटोला एक वेगळाच अर्थ येतो. खालून घेतलं तर पाय लांब दिसतात, वय वाढतं.

डोकं कापायचं नाही. चेहरा फ्रेमबाहेर ठेवून नुसतं धड दाखवणं मोठ्यांच्या जाहिरातीत सर्रास चालतं. मुलांच्या फोटोत ते अजिबात नको.

जागा. पलंग, सोफा, न्हाणीघर ही पार्श्वभूमी वगळा. १९९५ ची कॅल्विन क्लाइनची मोहीम आठवा. स्टीव्हन मेझेलचं चित्रण, मागे लाकडी फळ्यांची स्वस्त तळघरासारखी खोली, टीव्ही जाहिरातीत पडद्याआडून प्रश्न विचारणारा पुरुषी आवाज. कपडे साधेच होते, पण खोलीने आणि आवाजाने काम केलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने चौकशी केली, खटला झाला नाही, पण कंपनीला मोहीम मागे घ्यावी लागली.

हालचाल मागा, पोझ नको. 'उडी मार', 'पळत ये', 'बुटाची लेस बांध'. शटर १/५०० च्या वर ठेवा आणि भरपूर फोटो काढा. हालचालीत मूल आपल्या वयाचं दिसतं.

आतले कपडे मुलांच्या अंगावर शूट करायचेच नाहीत. पांढऱ्या फोमबोर्डवर सपाट मांडून घ्या, किंवा घोस्ट मॅनेक्विन करा: पुतळ्यावर एक फोटो, कपडा उलटवून गळ्याच्या आतल्या बाजूचा दुसरा, आणि संगणकावर दोन्ही जोडायचे. प्रत्येक नगामागे काही मिनिटांचं काम वाढतं, एवढाच तोटा. १९९९ मध्ये कॅल्विन क्लाइनने मुलांच्या अंतर्वस्त्रांचे फोटो टाइम्स स्क्वेअरच्या फलकावर लावायचं ठरवलं होतं आणि लगोलग सगळी मोहीम गुंडाळली.

पेठकर:
हे उपयोगाचं आहे. कॅमेरा किती उंचीवर ठेवला यानं फोटोचा अर्थ बदलतो हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

कलम_पोटकलम:
@कॅमेऱ्यामागे, तुमच्या यादीत कायद्याची बाजू जोडतो. १४ वर्षांखालचं मूल जाहिरातीत असेल तर बालकामगार नियमांतल्या २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. छोटे ब्रँड 'ओळखीतलं मूल आहे' म्हणून हे सगळं सोडून देतात. परवानगीचा अर्ज केला की निदान काय चित्रित होणार हे कागदावर लिहावं लागतं, आणि लिहिताना बऱ्याच गोष्टी खटकतात.

चित्राच्या आशयाबद्दल मुख्य कायदा म्हणजे स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन प्रतिबंध अधिनियम, १९८६. त्यात जाहिरातीची व्याख्या इतकी रुंद आहे की लेबल, वेष्टन, इतकंच काय प्रकाश, ध्वनी, धूर किंवा वायूने केलेलं प्रदर्शनही त्यात बसतं. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजारांचा दंड कुठल्याही कंपनीला टोचत नाही. शिवाय नावातच आहे त्याप्रमाणे हा कायदा स्त्रियांपुरता. पंधरा वर्षांच्या मुलाचं चित्र असेल तर तो लागू नाही. मूल खरोखर लैंगिक हेतूने वापरलं असेल तर पॉक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) आहे, पण तो फार पुढचा आणि गंभीर टप्पा. जाहिरातींचा मोठा भाग या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात राहतो.

मिल_भोंगा:
टफ शूजच्या खटल्याचं काय झालं ते पण लिहा. तरुण वाचकांना माहीत नसेल.

कलम_पोटकलम:
१९९५ ची छापील जाहिरात. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, अंगाभोवती अजगर आणि पायात फक्त बूट. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्ता यांचं. मुंबईत अश्लीलतेचा गुन्हा नोंदला गेला, अजगरामुळे वन्यजीव कायदाही लावला. निर्दोष सुटका २००९ मध्ये, म्हणजे १४ वर्षांनी. दोन्ही मॉडेल प्रौढ होते, त्यामुळे आपल्या विषयाशी तो खटला थेट जुळत नाही. पण धडा मोठा आहे: जाहिरातीचं आयुष्य काही आठवड्यांचं, खटल्याचं दीड दशकाचं. फौजदारी मार्गाने मोहीम थांबत नाही.

गावदेवी:
मग मिंत्राचा लोगो? मुंबई सायबर पोलिसांकडे तक्रार गेली आणि २०२१ च्या जानेवारीत कंपनीने महिन्याभरात लोगो बदलायचं कबूल केलं. फौजदारी मार्ग चालतो की.

उभा_धागा:
लोगोचं उदाहरण मला या धाग्यात नको वाटतं. तिथे आक्षेप एका अक्षराच्या आकारावर होता. अशा तक्रारींनी 'जाहिरातीवर बोलणारे लोक कशातही काहीही बघतात' असा समज पसरतो आणि खऱ्या तक्रारींचं वजन कमी होतं. मतभेद असू शकतो, पण इथे मुलांपुरतं बोलूया.

गावदेवी:
ठीक. पण कंपन्यांना पोलिसांपेक्षा बदनामीची भीती जास्त, हे त्यातून दिसतं एवढंच म्हणायचं होतं.

न्यूजर्सीकर:
गावदेवी, अ‍ॅबरक्रॉम्बीनेही २०१५ मध्ये दुकानाच्या दारात उभे राहणारे उघड्या अंगाचे मॉडेल बंद केले ते कुठल्याही कोर्टाच्या हुकमाने नाही. विक्री घसरली होती आणि पोरांना ते जुनाट वाटू लागलं होतं. कोर्टात कंपनीला नमतं घ्यावं लागलं ते वेगळ्याच बाबतीत. 'लूक' बसत नाही म्हणून आफ्रिकी, लॅटिनो, आशियाई वंशाच्या उमेदवारांना नाकारणं किंवा मागच्या खोलीत ठेवणं या दाव्यात २००४ मध्ये सुमारे चार कोटी डॉलरची तडजोड झाली. आपल्या इथल्या मुलांच्या दृष्टीने हा मुद्दा मोठा आहे. जे चित्र 'आकर्षक' म्हणून लावलं जातं, त्यातच कोण आकर्षक नाही हेही सांगितलेलं असतं, आणि तेरा वर्षांचं सावळं पोर ते बरोबर वाचतं.

शाळेची_घंटा:
हा प्रतिसाद वाचून थांबले. मुलांचे प्रश्न बहुतेक इथूनच येतात. कपडा तोकडा आहे का, हे मुलं विचारत नाहीत. 'मला हा शोभेल का, माझं पोट दिसेल का' हे विचारतात.

बोली_लावणारा:
डिजिटल जाहिराती चालवणाऱ्यांच्या बाजूने. पेठकरकाकांचा फोनचा मुद्दा इथे येतो.

मेटावर (फेसबुक, इन्स्टाग्राम) १८ खालच्यांसाठी जाहिरातदाराला फक्त वय आणि ठिकाण निवडता येतं, २०२३ पासून लिंगही निवडता येत नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याच्या ९ व्या कलमातही मुलांवर पाळत ठेवून नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. म्हणजे 'मुलांना टार्गेट करू नका' हा भाग बऱ्यापैकी बंदिस्त होतोय.

पण गळती दोन ठिकाणी आहे. पहिली, प्रॉडक्ट फीड, म्हणजे दुकानाने जाहिरात यंत्रणेला पुरवलेली मालाची यादी. गूगलच्या फीडमध्ये वयोगटाचा रकाना असतो, त्यात पाचच पर्याय: नवजात, तान्हं, दुडदुडणारं, मूल आणि प्रौढ. मूल म्हणजे ५ ते १३. टीनेजर असा पर्यायच नाही, त्यापुढचे सगळे 'प्रौढ'. चौदा वर्षांच्या मुलीचा कुर्ता आणि तीस वर्षांच्या बाईचा कुर्ता यंत्राच्या लेखी एकाच कप्प्यात.

दुसरी गळती चित्राच्या निवडीत. कॅटलॉग जाहिरात फीडमधलं मुख्य चित्र आपोआप उचलते. आणि मुख्य चित्र कोणतं ठेवायचं? दोन-तीन चित्रं आलटूनपालटून दाखवून ज्यावर क्लिक जास्त ते. क्लिक कुणी केलं, मुलीने, तिच्या आईने की कुणा भलत्याच पुरुषाने, हे त्या आकड्यात दिसत नाही. महिन्याभरात @कॅमेऱ्यामागे म्हणतात तो पाचवा, मूडचा फोटो सगळीकडे पुढे आलेला असतो. कुणी ठरवलेलं नसतं, आकड्याने ठरवलेलं असतं.

रोखायचं तर: १८ खालच्या मापांच्या मालाला स्वतःचं लेबल लावा, त्याची वेगळी मोहीम करा, त्यात चित्र आपोआप बदलण्याचा पर्याय बंद ठेवा आणि मुख्य चित्र सपाट मांडलेलं किंवा समोरून घेतलेलं असू द्या. क्लिक थोडे कमी मिळतील. परत येणाऱ्या मालाचं प्रमाण पण बघा, कारण साध्या फोटोत माप आणि कापड नीट कळतं.

मिल_भोंगा:
'प्रौढ म्हणजे चौदापासून पुढे' हे वाचून धक्का बसला. न्यूजर्सीकरांची शिडी यंत्रात मोडूनच पडली की.

कलम_पोटकलम:
@बोली_लावणारा, याच फटीवर ब्रिटनने नियम केलाय. तिथल्या जाहिरात संहितेत जानेवारी २०१८ पासून १८ खालच्या, किंवा १८ खालची *वाटणाऱ्या* कुणाचंही लैंगिक चित्रण चालत नाही. 'मॉडेल वीस वर्षांची होती' हा बचाव संपला. त्याआधीही तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने अमेरिकन अ‍ॅपरल या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिराती वारंवार रोखल्या, २०१४ ची 'शाळा सुरू' थाटाची स्कर्टची जाहिरात त्यातलीच. मूळ लेखातलं 'किती वयाची वाटते' हे माप तिथे नियमात आहे.

आपल्याकडे जवळचा रस्ता म्हणजे अ‍ॅस्की (अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया), १९८५ पासूनची जाहिरात उद्योगाचीच संस्था, मुख्यालय मुंबईत. तक्रार मोफत. चालते ती अशी: जाहिरातीचा स्क्रीनशॉट किंवा फोटो, तारीख, वेळ, कुठे दिसली (वाहिनी आणि कार्यक्रम, वर्तमानपत्र आणि आवृत्ती, किंवा दुवा), आणि आक्षेप दोन-तीन वाक्यांत. 'संस्कृती बुडाली' लिहिलं तर तक्रार कमजोर होते. 'उत्पादन १० ते १४ वयाचं, मॉडेल त्याच वयाची वाटते, अमुक दृश्यात कॅमेरा अमुक भागावर' असं लिहा. स्टोरी चोवीस तासांत उडते, म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग राग. टीव्हीच्या बाबतीत अ‍ॅस्कीच्या संहितेला केबल नेटवर्क नियमांचा आधार आहे, त्यामुळे वाहिन्या ऐकतात.

शिवाय २०२२ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मुलांना स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड यावा अशी जाहिरात त्यात निषिद्ध आहे. @शाळेची_घंटा, तुम्ही लिहिलेलं 'माझं पोट दिसेल का' इथे बसवता येईल. प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. १९८६ च्या दोन हजारांपेक्षा हे बरं.

पेठकर:
धागा उशिरा काढला म्हणालो होतो ते मागे घेतो. एक व्यावहारिक प्रश्न: उल्हासनगरसारख्या ठिकाणचे छोटे जीन्सवाले ना मूडबोर्ड करतात ना फीड चालवतात. ते नेटवरून परदेशी मॉडेलचा फोटो उचलतात आणि टॅगवर छापतात. लहान मुलाच्या जीन्सलाही तोच टॅग. त्यांना काय सांगायचं?

तिरपी_शिलाई:
काका, तिथे कारण पैशांचं आहे. टॅग छापणारा किमान संख्या लावतो, म्हणून मोठ्यांसाठी छापलेला टॅगच २४ पासून ३६ कमरेपर्यंत सगळ्यांना लागतो. त्यांना सांगायचं: टॅगवर माणूसच छापू नका. जीन्सच्या खिशाची शिलाई, रिव्हेट, कापडाचं वजन छापा. एकच टॅग सगळ्या मापांना चालतो, छपाई वाढत नाही, आणि उचललेल्या फोटोच्या हक्काचं लफडंही उरत नाही.

उभा_धागा:
हे आवडलं. 'कुठे अडवायचं' याचं उत्तर मला आता असं दिसतंय: सगळ्यात स्वस्तात टेक पॅकवर, मग ब्रीफमधल्या 'अ‍ॅटिट्यूड' या शब्दावर, आणि राहिलंच तर फीडमधल्या मुख्य चित्रावर. तक्रार त्यानंतर. तिरपी_शिलाई ताई, तो 'वगळायचे भाग' रकाना मराठीत आणि हिंदीत लिहून इथे टाकाल का? कारखान्यात तोच वाचला जाईल.

तिरपी_शिलाई:
टाकते. मापानुसार दोन करावे लागतील, ४ ते ९ आणि १० ते १६ वर्षं. दुसऱ्यात स्पोर्ट्स ब्रा येते. ती या वयात गरजेची वस्तू आहे, तिला सरसकट वगळून चालणार नाही. तिथे पॅडऐवजी सुती दुहेरी अस्तर असं लिहायचं.

कॅमेऱ्यामागे:
आणि तिचा फोटो सपाट मांडूनच. अस्तर दिसावं म्हणून एक कड उलटवून ठेवा, आयांना तेच बघायचं असतं.